फ्लोरेसहून आणलेलं लावो: निळा रंग हाताला लागला म्हणून ते खोटं ठरत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर केलिमुतू ज्वालामुखीची रंगीत तळी बघायला गेलात, आणि खाली मोनी गावात एका आजीबाईंकडून तिथल्या लिओ लोकांचं इकत सारोंग घेतलंत, म्हणजे नळीसारखं शिवलेलं नेसायचं कापड. बायकांच्या अशा सारोंगाला ते लावो म्हणतात. हाताने विणलेलं आहे, झाडामुळांच्या रंगात रंगवलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर मित्राने तीन शंका काढल्या. कापड उलटसुलट सारखंच दिसतं, म्हणजे छापील. नक्षीच्या कडा धूसर आहेत, म्हणजे छपाई सरकलेली. आणि पांढऱ्या सदऱ्याला निळा डाग लागला, म्हणजे रंग कच्चा. आता मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करावा का आणि मग त्याचं जॅकेट शिवावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक विनंती. ते पाण्यात घालू नका आणि त्याला कात्री लावू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी गेली बावीस वर्षं जुन्या सुती आणि रेशमी कापडांची दुरुस्ती आणि जतन करते. निळीची आणि आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांची रंगणी स्वतः करते. फ्लोरेसला दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी जोपू गावात आठ दिवस विणकर बायकांच्या ओसरीवर बसून काढले. तरीही तुमचं कापड मी हातात घेतलेलं नाही, फक्त दोन फोटो बघितलेत. त्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगेन आणि काही तुम्हालाच घरी तपासाव्या लागतील.

‘खरं की खोटं’ असं विचारलंत, पण त्या एका प्रश्नात चार वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. नक्षी धाग्यावर बांधून आली की कापडावर छापली? विणलं कशावर? सूत हातकताईचं की गिरणीचं? रंग कुठले? या चारांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात. नक्षी हाताने बांधलेली, विणकाम कमरेच्या मागावरचं, पण सूत दुकानातलं आणि रंग पुडीतला, म्हणजे रासायनिक, अशी कापडं तिथल्या बाजारात भरपूर असतात. अशा कापडात फसवणूक काहीच नाही, फक्त ते जे आहे तेच सांगून विकलेलं असावं. आपण मात्र ‘हातमाग’ म्हटलं की बाकी तिन्ही गोष्टी आपोआप गृहीत धरतो आणि मग एखादी जुळली नाही की सगळंच खोटं ठरवतो.

आता मित्राच्या पहिल्या दोन शंका. ज्या गोष्टींवरून त्यांनी कापड छापील ठरवलं, त्याच गोष्टींवरून मी ते इकत असावं असं म्हणेन.

इकत हा शब्दच मुळी मलय भाषेतला, अर्थ बांधणं. आपण बांधणी करतो ती विणून झालेल्या कापडावर. इकतमध्ये कापड अजून अस्तित्वातच नसतं. ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीने ताणायचे उभे धागे चौकटीवर ओढून बसवायचे, त्यांचे बारीक झुबके करायचे आणि नक्षीत जिथे रंग नको तिथे झुबक्याला पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारायची. पूर्वी ताडाच्या जातीच्या झाडांच्या पानांची चिरफळी वापरत, आता प्लॅस्टिकची सुतळी सर्रास दिसते. मग धागे रंगात बुडवायचे, काही गाठी सोडायच्या, काही नव्या मारायच्या आणि पुन्हा दुसऱ्या रंगात बुडवायचे. सगळं झाल्यावर गाठी सोडल्या की नुसत्या मोकळ्या धाग्यांवर चित्र उभं असतं. विणकाम त्याच्यानंतर सुरू होतं.

म्हणजे रंग धाग्याच्या आरपार गेलेला असतो. त्यामुळे कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसणं अगदी स्वाभाविक. छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकी असते. धूसर कडांचं कारणही तेच. गाठीच्या टोकाशी रंग जरासा आत शिरतो, आणि मागावर चढवताना शेजारचे धागे केसभर मागेपुढे सरकतात. म्हणून नक्षीची कड एका दिशेने पिसासारखी विस्कटते. लिओंच्या कापडात ही विस्कट ताण्याच्या दिशेने असते, कारण तिथे फक्त ताणाच बांधून रंगवतात. बाणा, म्हणजे विणताना घातलेला आडवा धागा, एकरंगी, बहुतेक वेळा गडद.

हे घरी तपासता येतं. चांगल्या उजेडात भिंग घेऊन बसा. कापडाच्या किनारीलगत कुठे एखादा बाण्याचा धागा सुटलेला असेल तर बघा: तो सबंध एकाच रंगाचा आहे का? मग नक्षीतला ताण्याचा एकच धागा डोळ्यांनी पकडा आणि त्याच्या मागे जा. तो तांबूस, मग साईच्या रंगाचा, मग पुन्हा तांबूस असा बदलत जातो का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर नक्षी ताण्यावर बांधलेली आहे. छापील कापडात नक्षीच्या जागी उभे आणि आडवे दोन्ही धागे रंगलेले दिसतात. लिओंच्या विणीत ताणा इतका दाट असतो की बाणा जवळजवळ झाकून जातो. म्हणून घाई करू नका, दहा मिनिटं द्या.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगते. दोन्ही अर्ध्या भागांत एका घोड्याचा पाय एकसारखाच आखूड आहे. तुम्हाला ते यंत्राचं लक्षण वाटलं असेल. पण बांधताना धाग्यांचे थर एकावर एक घेऊन एकत्र बांधतात, म्हणजे एका गाठीत नक्षीच्या दोन-चार प्रती होतात. बांधणारीची एक चूक त्या सगळ्या प्रतींत उतरते. फरक कडांमध्ये शोधा. छपाईत धूसरपणासुद्धा तंतोतंत सारखा असतो. इकतमध्ये चूक तीच, पण कडांची पिसं प्रत्येक जागी वेगळी.

दुसरा प्रश्न मागाचा. लिओ बायका कमरेच्या मागावर विणतात. ताण्याचं एक टोक भिंतीशी किंवा खांबाशी, दुसरं टोक विणकरणीच्या कमरेमागच्या पट्ट्याला. ताण द्यायचा तर ती मागे रेलते, सैल करायचं तर पुढे वाकते. सबंध कापडाचा ताण तिच्या पाठीवर असतो. जोपूमध्ये मी स्वतः एकदा तासभर त्या मागावर बसून बघितलं. वीतभरही विणून झालं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी माझी पाठ मला उठू देईना. अशा मागावर पट्टा किती रुंद निघणार, याला माणसाच्या हाताच्या पोचेचीच मर्यादा. म्हणून सारोंग एकसंध नसतं. पट्टे किनारीला किनार लावून शिवतात आणि मग नळी बंद करतात.

तुमच्या सारोंगात दोन प्रकारच्या शिवणी शोधा. एक किनारीलगत, पट्टा पट्ट्याला जोडणारी. दुसरी तिच्याशी काटकोनात, जिथे ताणा कापून नळी मिटवलीय. नेसल्यावर ताण्याचे धागे कमरेभोवती आडवे फिरतात. आपल्या साडीत ताणा लांबीने धावतो, तसंच इथेही समजा, फक्त टोकं एकमेकांना शिवलेली. किनारीलगतची शिवण असेल तर कमरेच्या मागाची शक्यता खूप वाढते. ती नसेल आणि एकाच पन्ह्यात सगळी उंची भागली असेल, तर कापड पायाने चालवायच्या रुंद मागावरचं असू शकतं. जावा बेटावर जेपाराजवळ त्रोसो नावाचं गाव आहे. तिथे पूर्वेकडच्या बेटांच्या नक्षीची इकतं मोठ्या प्रमाणावर होतात, आणि त्यांत बरीच बाण्यावर बांधलेली असतात, म्हणजे कडांची पिसं ताण्याऐवजी आडव्या धाग्याच्या दिशेने जातात. तीही हातमागाचीच कापडं, तिथले कारागीरही कसबी. पण ती लिओंची नव्हेत. लिओंच्याही सगळ्या गावांत इकत विणत नाहीत. दक्षिणेकडच्या न्गेला, जोपू, वोलोजिता अशा मोजक्या गावांची नावं विणकामासाठी घेतली जातात. मोनीत विकायला बसलेल्या बाईने ते स्वतःच विणलेलं असेल असं नाही.

सुताबद्दल फार बोलणार नाही. हातकताईचं सूत जाडबारीक असतं, बोटांना खडबडीत लागतं. तुमच्या फोटोतलं सूत मला एकसारखं दिसतंय, बहुधा गिरणीचं. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दुकानातलं सूत तिथे कित्येक दशकांपासून वापरात आहे. बारीक नक्षीला एकसारखं सूत सोयीचंही पडतं. धागा जाळून बघा असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. जाळल्यावर राख कागदासारखी झाली की गोळी, एवढ्यावरून सुती की पॉलिस्टर हे कळतं. हाताने कातलंय का, रंग कुठला, हे त्यातून कळत नाही.

आता रंग. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा तपशिलात जाते.

लिओंच्या जुन्या पद्धतीत मुख्य रंग दोनच, नीळ आणि मुळांचा लाल. त्यांच्या एकमेकांवर बसण्यातून गडद तपकिरी आणि जवळजवळ काळा मिळतो. साईसारखा फिकट रंग दिसतो तो गाठीखाली झाकलेल्या सुताचा.

नीळ पाण्यात विरघळत नाही. कुंडात चुन्यासारखा अल्कली आणि आंबवण यांच्या जोरावर ती विरघळणाऱ्या पिवळट-हिरव्या रूपात येते आणि धाग्यात शिरते. धागा बाहेर काढून हवेत धरला की डोळ्यांदेखत हिरव्याचा निळा होतो. मी हे हजारदा केलं असेल, अजूनही दर वेळी थांबून बघते. हवेतल्या प्राणवायूने ती पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्याच्या आत अडकून बसते. धाग्याशी तिचं रासायनिक नातं जडत नाही, ती नुसती अडकलेली असते. गडद निळ्यासाठी धागा पुन्हा पुन्हा बुडवतात, तेव्हा वरवरचे कण धाग्याच्या पृष्ठभागावरच राहतात. घासलं की तेच हाताला, सदऱ्याला लागतात. नव्या जीन्सची पँट हलक्या सोफ्यावर निळा डाग पाडते, त्याचंही कारण हेच.

म्हणजे सदऱ्याला निळं लागलं यावरून ‘रंग कच्चा, म्हणून केमिकल’ हे सिद्ध होत नाही. उलट ‘निळं लागलं, म्हणून नैसर्गिक’ हेही सिद्ध होत नाही. जर्मनीत कारखान्यात तयार झालेली नीळ १८९७ पासून बाजारात आहे आणि तिचा मुख्य रेणू झाडाच्या निळीतलाच आहे. घरी बसून हा फरक कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. कुणी नुसत्या नजरेने ठामपणे सांगत असेल तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

लाल रंग मात्र बोलका असतो. तो येतो बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून. आपल्याकडचे जुने रंगारी त्याला आल म्हणत, अलीकडे त्याचंच फळ नोनी नावाने औषध म्हणून विकतात. हा रंग सुतावर नुसता चढत नाही. आधी सुताला जंगली अक्रोडाच्या तेलात मळून काढतात. मग मुळांच्या सालीसोबत एका विशिष्ट झाडाची साल किंवा पानं घालतात. ते झाड आपल्या आयुर्वेदातल्या लोध्राच्या कुळातलं. त्याचा गुण असा की ते जमिनीतलं ॲल्युमिनियम स्वतःत साठवतं. आपण जे काम तुरटीकडून करून घेतो ते तिथे हे झाड करतं. तेल, ॲल्युमिनियम आणि मुळातला लाल यांची सुतावर घट्ट सांगड बसते. हवा तितका गडद लाल यायला पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं, मध्ये वाळवून ठेवावं लागतं. सुतापासून सारोंगापर्यंत कित्येक महिने जातात ते विणण्यात कमी आणि बांधण्या-रंगवण्यात जास्त. रंगवायच्या जागेबद्दल तिथे काटेकोर पाळणूक असते. कुंडाजवळ पुरुषांनी फिरकू नये असं मानतात, आणि मलाही काही ठिकाणी दारातच थांबायला सांगितलं होतं. मी थांबले.

अशा रीतीने बसलेला लाल ओल्या कापडाने सहजी निघत नाही. म्हणून निळ्यापेक्षा लाल तपासा. शिवणीच्या आतल्या बाजूला, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही, तिथे पांढऱ्या सुती चिंधीचा ओलसर बोळा दोन मिनिटं दाबून धरा. घासू नका, नुसता दाबा. लाल किंवा गुलाबी उतरला तर पुडीतला रंग असण्याची शक्यता जास्त, आणि असं कापड कधीही भिजवायचं नाही. काहीच उतरलं नाही तर मुळांचा रंग असू शकतो, पण आजचे पुडीतले चांगले रंगही उतरत नाहीत. रंगाच्या छटेवरून अंदाज बांधायचा तर मुळांचा लाल विटकरी, थोडा तपकिरीकडे झुकलेला असतो. लखलखीत कुंकवासारखा नसतो. फोटोत तुमचा रंग मला विटकरी दिसतोय. पण मोबाइलचा फोटो रंगाबाबत फार फसवा, म्हणून यापलीकडे जात नाही.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर, तुमच्या कापडाची नक्षी बहुधा ताण्यावर बांधलेली आहे, सूत बहुधा गिरणीचं आहे, माग कुठला ते शिवणीवरून ठरेल, आणि रंगाचा निकाल लाल भागावर अवलंबून आहे. मित्राच्या तीन शंकांपैकी एकही या कापडाविरुद्धचा पुरावा होत नाही.

मीठ आणि व्हिनेगर मात्र नको. हा सल्ला आपल्याकडे घरोघरी देतात, म्हणून कारण सांगते. निळीला मिठाने पकडण्यासारखं काही नसतं. ती मुळातच न विरघळणारी, नुसती सैल बसलेली. तिचा सैल कण घासून किंवा धुऊनच निघणार. व्हिनेगर तर मुळांच्या लालाचा सरळ शत्रू. आम्ल लागलं की ॲल्युमिनियमची पकड सुटते आणि लाल पिवळट-नारिंगीकडे जातो. अल्कली लागलं तर उलट, लाल जांभळटाकडे. माझ्याकडे एक ताई अशीच पूर्व इंडोनेशियातली शाल घेऊन आल्या होत्या. एका धुलाईवाल्याने ती पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजवली होती. विटकरी पट्टे मधूनमधून वांग्यासारखे जांभळे झाले होते. मी पाण्याचा आम्लपणा अगदी थोडाथोडा वाढवत तो रंग बराच मागे आणला, पण पहिल्यासारखा झाला नाही.

धुण्यातली माझी स्वतःचीही एक चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत निळीचं एक कापड मी नीट धुतलं आणि घडी करून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं. सुटलेली नीळ ओल्या घडीतून साईच्या रंगाच्या रेषांवर उतरली. त्या रेषा आजतागायत राखाडी आहेत. तेव्हापासून मी ओलं कापड कधी घडीत ठेवत नाही.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. आत्ता धुऊ नका. सावलीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा ठिकाणी दिवसभर पसरा. धूर, तेल, कुंड यांचा वास असेल तो हळूहळू कमी होईल, तो पूर्ण घालवायची गरज नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. निळं लागण्याचा त्रास असेल तर कोरड्या पांढऱ्या सुती फडक्याने निळे पट्टे हलक्या हाताने, ताण्याच्या दिशेने, पुन्हा पुन्हा पुसा. फडकं कमी कमी निळं होत जाईल. पहिले काही महिने पांढऱ्या कपड्यांवर नेसू नका, एवढं पुरे.

कधी धुवावंच लागलं तर आधी वरची ओल्या बोळ्याची चाचणी प्रत्येक रंगावर करा. एकही रंग उतरत नसेल तरच पुढे जा. मोठ्या टबात गार पाणी, तुमच्याकडे बोअरचं जड पाणी येत असेल तर पिण्याचं, आणि सौम्य, अल्कली नसलेला साबण अगदी थोडा. कापड सपाट बुडवायचं, पिळायचं नाही, चोळायचं नाही. पाणी दोन-तीनदा बदलून लगेच बाहेर. पांढऱ्या चादरीवर आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलंत तर ओल्या कापडाच्या वजनाने शिवणी ताणतात. रिठ्याबद्दल विचारलं जाईल म्हणून सांगते, रेशमासाठी मी रिठा वापरते. पण फिकट सुतावर त्याची पिवळट झाक राहते, इथे नको.

ठेवायची पद्धत पावसाळ्याच्या हिशेबाने ठरवा. घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मांजरपाट गुंडाळा (एकदा पाण्यातून काढून खळ घालवलेलं), त्यावर सारोंग सैल गुंडाळा आणि वर पुन्हा मांजरपाट. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. डांबरगोळ्या नकोत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, पुरचुंडीत, कापडाला न टेकणारा. विणताना ताण्याला खळ दिलेली असते आणि नव्या कापडात ती शिल्लक राहते. कसर त्या खळीवर येते. म्हणून दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा उघडून बघा.

आता जॅकेट. इथे माझं मत तुमच्या उत्साहाच्या विरुद्ध जाणार आहे, आणि ते मी कारणांसह मांडते.

लिओंच्या समाजात हे कापड नुसतं नेसायचं वस्त्र नसतं. लग्नात नवऱ्या मुलाकडून सोनं आणि जनावरं येतात, त्याच्या बदल्यात मुलीकडून कापडं जातात. आपल्या मानपानासारखं, पण कुणी कुणाला काय द्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकीने ठरलेलं. मृतालाही कापड घालतात. बायकांच्या सारोंगाला लावो म्हणतात, पुरुषांचं गडद, बारीक रेघांचं ते रागी. पुरुषांनी खांद्यावर घ्यायची ‘लुका सेम्बा’ नावाची शाल असते, तिचा मान गावच्या मोसालाकींचा, म्हणजे जमिनीचे आणि विधींचे अधिकार ज्यांच्याकडे आहेत त्यांचा.

त्या शालीचा आराखडा आपल्याकडून गेलेला आहे. डच व्यापारी कंपनी गुजरातेतली रेशमी पटोळी त्या बेटांवर नेत असे. तिथल्या प्रमुखांना ती भेट म्हणून मिळत आणि घराण्यांत जपली जात. पटोळ्यातलं आठ पाकळ्यांचं फूल आणि मधल्या चौकटीभोवतीची किनार लिओंच्या सुती कापडात उतरली. तुमच्या सारोंगातली आकृती बघा, घोडा आणि हत्ती. एंदे-लिओ भागात या जोडीला ‘जारा न्गाजा’ म्हणतात. न्गाजा म्हणजे गज. फ्लोरेसच्या रानात हत्ती नाहीत. तो तिथे बहुधा कापडावरून आला, आणि त्याचं नावही मूळचं आपल्याकडचंच. आणि ज्या पाटणमध्ये ती पटोळी विणली जात, तिथले साळवी विणकर बाराव्या शतकात कुमारपाळ राजाने जालन्याहून नेले अशी त्यांचीच परंपरा सांगते. पहिल्यांदा हे सगळं एका ओळीत लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून नुसती त्या कापडाकडे बघत बसले होते.

आता व्यवहाराचं. दाट ताण्याचं हे कापड आडवं कापलं की कड भराभर उसवते. जॅकेटला बगलेची आणि गळ्याची गोलाई लागते, म्हणजे घोड्यांचे, हत्तींचे तुकडे होणार. कापड जाड, त्यामुळे शिवणी फुगतात. घामाच्या जागी मुळांचा लाल लवकर बिघडतो, कारण घामही आम्लच. शिंपी चांगला असला तरी यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या हातात नाहीत.

तरीही सरसकट ‘नाही’ म्हणणार नाही. तपासणीत कापड रुंद मागावरचं, पुडीच्या रंगाचं, नवं निघालं तर तुम्ही ते शिवलंत म्हणून माझा आक्षेप नाही. तसं कापड तुम्हाला मीटरवरही मिळेल, त्यातूनच शिवणं उत्तम. पण किनारीलगतची शिवण सापडली आणि लाल उतरला नाही, तर ते कुणाच्या तरी अनेक महिन्यांचं काम आहे, आणि पैठणीचा कुर्ता करताना जसा आपला हात थांबतो तसा इथेही थांबावा असं मला मनापासून वाटतं. २०१८ मध्ये न्गेलात आग लागून गावातली पारंपरिक घरं जळाली. लाकडा-गवताच्या घरांतून कापड पिढ्यान्‌पिढ्या टिकवणं किती कठीण असतं ते तिथे गेल्यावर कळतं. आपल्या कपाटात आलेलं तरी अखंड राहू द्यावं.

वापरायचंच असेल तर मधला मार्ग आहे. नळी मिटवणारी जी शिवण आहे, फक्त तिचे टाके उसवा, कापड न कापता. पसरल्यावर दुपट्यासारखं आडवं कापड मिळेल, भिंतीवर लावता येईल, थंडीत अंगावर घेता येईल. टाक्यांचा दोरा जपून ठेवा, पुन्हा शिवायचं म्हटलं तर त्याच भोकांतून शिवता येतं. भिंतीवर लावलंत तर समोर खिडकी नको, आणि वर्षातून तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त नको. उजेडाने नीळ आणि लाल दोन्ही उडतात, आणि उडालेला रंग परत आणायचा उपाय माझ्याकडे नाही.

आत्ता एवढंच करा. सारोंग उलटं करा, दोन्ही शिवणींच्या आतल्या बाजूचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय घ्या. शेजारी साधा पांढरा कागद ठेवा म्हणजे रंगाचा अंदाज येईल. लाल भागावर दाबलेल्या चिंधीचाही एक फोटो. ते इथे टाकलेत की माग आणि लाल रंग यांबद्दल मला आतापेक्षा नक्की काही सांगता येईल.